पाणी कशावर सोडायचे?

१९२४ च्या मार्चमध्ये गांधीजी जुहूला राहायला आले. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सने गाठले होते. १२ जानेवारीला पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि ऐन शस्त्रक्रियेत वीज गेल्याने उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. ५ फेब्रुवारीला सरकारने सहा वर्षांची शिक्षा दोन वर्षांतच आटोपती घेऊन त्यांना सोडून दिले. सिंदिया बोटकंपनीचे नरोत्तम मोरारजी यांच्या कुटुंबाचा जुहूला समुद्रकाठी बंगला होता, तिथे हवापालटासाठी मुक्काम ठरला. तेव्हाचे जुहू म्हणजे माड, वाळू आणि तुरळक बंगले. तरीही दर्शनासाठी माणसे लोटू लागली.

गांधीजींनी काय करावे? वर्तमानपत्रांतून जाहीर विनंती केली की, लोकहो, भेटीला येऊ नका. जखम अजून भरायची आहे, अंगात जी काही ताकद आहे ती ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’च्या संपादनाला द्यायची आहे. ज्या माणसाची सगळी ताकद लोकांमध्ये होती, त्यानेच लोकांना ‘येऊ नका’ म्हटले. (आज जुहूला रविवारी जी गर्दी होते ती अमिताभ बच्चन यांच्या बंगल्यासमोर, आणि तिथे दर्शन देण्याचीच प्रथा आहे. ज्याचे त्याचे काम.)

आपल्याला सगळ्यांत महत्त्वाचे काय, ते ठरवून त्याप्रमाणे जगायचे असे मनात आणणाऱ्यांनी ही विनंती लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पाडव्याला, दसऱ्याला किंवा १ जानेवारीला आपण जे संकल्प सोडतो, त्यांच्याभोवती गैरसमजांची दाट झाडी वाढलेली असते.

गैरसमज: महत्त्वाचे करायचे म्हणजे दिवसात आणखी काहीतरी घालायचे.

वस्तुस्थिती: संकल्पाची वही उघडली की यादी सुरू होते. पहाटे उठणार, सूर्यनमस्कार घालणार, गावी आईला रोज फोन करणार, मुलांचा अभ्यास स्वतः घेणार, आठवड्याला एक पुस्तक वाचणार. अंधेरीहून रोज चर्चगेटला जाऊन-येऊन घामाघूम होणाऱ्या माणसाच्या दिवसात हे बसणार कुठे, हा प्रश्न त्या वहीत सहसा नसतो. दिवस आधीच भरलेला असतो. त्यातून काही काढल्याशिवाय त्यात काही मावत नाही.

गांधीजींचे सोमवारचे मौन हा अशा काढण्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. आपण त्याला एकदम आध्यात्मिक साधना म्हणून हात जोडून मोकळे होतो. त्यांनी स्वतः मात्र नंतर सांगितले आहे की, सुरुवात झाली ती ताण कमी व्हावा म्हणून आणि लिहायला वेळ मिळावा म्हणून. साधनेचे मोल त्याला पुढे आले. आठवड्यातला एक दिवस बोलणे बंद, म्हणजे भेटीगाठी, वाटाघाटी, आर्जवे, सगळ्यांवरच पाणी. पुढे मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर ते पुन्हा जुहूलाच आले. कस्तुरबांचे फेब्रुवारीतच त्या पॅलेसमध्ये निधन झाले होते आणि गांधीजींची स्वतःची प्रकृती मलेरियाने ढासळली होती. तेव्हाही त्यांनी सुमारे पंधरवडाभर मौन धरले. आणि याच मुक्कामात विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा चित्रपटही पाहिला! काय सोडायचे हे ठरलेले असले की एखाद्या सिनेमाला वेळ निघतो.

दुसरे उदाहरण जुहूतच उभे आहे, पण तिथून जाताना आठवते कुणाला? सांताक्रूझहून जुहूकडे निघाले की एसएनडीटी महिला विद्यापीठाचा परिसर लागतो. फार्मसीच्या आणि इंजिनियरिंगच्या मुली पाठीवर सॅक टाकून तिथे ये-जा करत असतात. हे विद्यापीठ १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी सुरू केले. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लागले. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई जोशी या बालविधवेशी लग्न केले. मुरूड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच वर्षी त्यांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देणाऱ्या मंडळीचे काम अंगावर घेतले. १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, त्यासाठी स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये दिले.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढे त्यांच्या लक्षात आले की, ‘इथे मुलीचे लग्न लावून देतात’ अशी शंका जरी आली, तरी कुठलाही बाप आपली विधवा लेक आश्रमात धाडणार नाही. तेव्हा त्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतून स्वतःला बाजूला केले आणि आश्रमाचे काम शिक्षणापुरते ठेवले. ज्या कामासाठी गावाने वाळीत टाकले, तेच काम दुसऱ्यांवर सोपवून दिले. हे आजही वाचताना खटकते आणि खटकले पाहिजे. पण महत्त्वाच्या दोन गोष्टींतली एक निवडणे म्हणजे काय, ते इथे दिसते. वाईट गोष्ट सोडणे हा काही मोठा संकल्प नव्हे. मोबाइल कमी बघीन, वडापाव बंद करीन, याला फार तर पथ्य म्हणावे. चांगल्या गोष्टीला ‘आता नाही’ म्हणावे लागते तिथे खरा संकल्प सुरू होतो.

गैरसमज: संकल्प एकदा मोडला की संपला.

वस्तुस्थिती: या समजुतीला आपल्या पुराणकथा कारणीभूत आहेत. भीष्म, हरिश्चंद्र, शिबी: सगळे न मोडणारे. एवढी मोठी माणसे डोळ्यांसमोर ठेवली की आपण तिसऱ्या दिवशी उशिरा उठलो म्हणजे खेळच खलास.

आता ज्यांच्या व्रतांचा सर्वाधिक बोलबाला झाला त्यांचेच बघा. दक्षिण आफ्रिकेत असताना, १९१२ मध्ये, गांधीजींनी दूध सोडले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना आमांशाने ते अंथरुणाला खिळले. हवापालटाला माथेरानला नेले तर तिथले पाणी जड, ते मानवेना. शेवटी मुंबईत आणले. डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. गांधीजींनी व्रताकडे बोट दाखवले. खाटेशी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी मग विचारले की, शेळीच्या दुधाला तर हरकत नाही ना? व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. गांधीजी शेळीचे दूध प्याले आणि आत्मकथेत स्वच्छ लिहून ठेवले की, व्रताचा शब्द पाळला गेला पण त्याचा आत्मा गेला, आणि ही बोचणी कायम आहे. शेळीचे दूध मात्र शेवटपर्यंत चालू राहिले.

मला या प्रसंगात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्यांनी मोडलेल्या व्रताला न मोडलेले म्हटले नाही. दोन, एक व्रत मोडले म्हणून बाकीची अकरा-बारा बाजूला ठेवली नाहीत. १९३० मध्ये येरवड्यातून साबरमतीच्या आश्रमवासीयांना ते दर मंगळवारी पत्र पाठवत. त्या पत्रांचेच पुढे ‘मंगलप्रभात’ हे छोटे पुस्तक झाले. त्यात त्यांनी ‘जमेल तितके करीन’ म्हणणाऱ्यांना फटकारले आहे, कारण ‘जमेल तितके’ या पळवाटेतून अख्खा संकल्प निसटतो. पण त्याच पुस्तकात असेही आहे की, व्रत घेणे म्हणजे पहिल्या दिवसापासून ते पूर्ण पाळता येणे नव्हे, तर ते पाळण्याचा मनापासून आणि सतत प्रयत्न करणे. ‘जमेल तितके’ आणि ‘जमत नाही तरी चालू’ या दोहोंतले अंतर लक्षात आले की अर्धे काम झाले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींवर नजर ठेवली होती. रोज एक नवी गोष्ट, फळ खाणे, पाणी पिणे किंवा थोडे धावणे, ठरल्या प्रसंगी करायची. त्यांना आढळले की मधला एखादा दिवस चुकला तर सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. आजीबाईंना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होते. सोळा सोमवारांतला एक सुटला तर त्या शेवटी एक वाढवून घेत.

गैरसमज: २१ दिवसांत कुठलीही गोष्ट अंगवळणी पडते.

वस्तुस्थिती: हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान २१ दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. ‘निदान’ वाटेत गळाला. लॅलींच्या पाहणीत सवय जडायला लागलेला काळ साधारण ६६ दिवस आला, आणि माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा बाविसाव्या दिवशी जीव नकोसा झाला तर समजावे की सगळे यथास्थित चालले आहे.

गैरसमज: हेतू शुद्ध असला की पुरे.

वस्तुस्थिती: हे खोटे आहे, हे आपल्याकडच्या पूजेलाच माहीत आहे. संकल्प सांगताना गुरुजी ‘याचे भले होवो’ एवढेच म्हणून थांबत नाहीत. आधी देश सांगतात, मग काळ. कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठला संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र; मग यजमानाचे गोत्र आणि नाव; आणि या सगळ्यानंतर काय करणार ते. पळीभर पाणी हातावरून सुटते ते त्यानंतर. यजमान तोवर पंख्याकडे बघत असतो ही गोष्ट वेगळी.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या तीस-चाळीस वर्षांत नेमके हेच तपासले. ‘व्यायाम करीन’ असा हेतू आणि ‘अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी करीन’ अशी योजना, यांतला फरक थोडाथोडका नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर याच धर्तीचा एक प्रयोग झाला. नुसते व्यायामाचे फायदे समजावलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. वेळ आणि जागा लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. एकच आठवडा, तेही विद्यार्थी, म्हणून फार उड्या मारायला नकोत. तरी एवढे खरे की, ‘कुटुंबाला वेळ देईन’ या वाक्यात देशही नाही आणि काळही नाही. ‘बुधवारी रात्री जेवताना फोन कपाटात’ यात दोन्ही आहेत.

गैरसमज: चारचौघांत जाहीर केले की आपोआप पाळले जाते.

वस्तुस्थिती: जाहीर कुणासमोर केले, त्यावर आहे. गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. चांगला वकील होण्यासाठी मी हे-हे करणार, असे ज्यांचे म्हणणे दुसऱ्याने वाचून दखल घेतली, त्यांनी नंतर कामाला कमी वेळ दिला. कौतुक मिळाले की काम झाल्यासारखेच वाटते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आजपासून रोज जुहू चौपाटीवर पाच किलोमीटर’ असे टाकले, पंचवीस अंगठे आले, संपले.

पण याच्या उलट, १२ जून १९०५ ला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला तेव्हा सभासदांकडून सात प्रतिज्ञा घेतल्या. देशाचा विचार आधी, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, कुणाशी व्यक्तिगत भांडण करायचे नाही, वगैरे. त्या ऐकणारे टाळ्या वाजवायला बसलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच बरोबर त्याच कामाला लागायचे होते. टाळ्या वाजवणाऱ्यांना सांगू नये, जाब विचारणाऱ्यांना सांगावे. मुंबईत पहिल्या प्रकारची माणसे मुबलक आहेत.

गैरसमज: खरा संकल्प आयुष्यभरासाठीच असतो.

वस्तुस्थिती: याच गोखल्यांनी १९१५ मध्ये आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींकडून वचन घेतले ते एका वर्षाचे: देश बघा, आणि वर्षभर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नका. चातुर्मासाचे नेम चार महिन्यांचे असतात आणि शेवटी उद्यापन असते. जुहूच्या मोरागावातल्या कोळ्यांना पावसाळ्यात होड्या ओढून ठेवणे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आता सरकारी बंदीही १ जून ते ३१ जुलै अशी आखलेली आहे, आणि समुद्राला नारळ वाहायची तिथी पंचांगात आहे. मुदत असली की माणूस सोडायला तयार होतो. मुदत संपल्यावर पुन्हा धरायचे की नाही, ते तेव्हा बघता येते. १ जानेवारीच्या संकल्पांची आपण उगीच टिंगल करतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत सहा महिन्यांनी ते टिकवल्याचे सांगणारे ४६ टक्के निघाले, आणि तीच सुधारणा हवी असूनही संकल्प न केलेल्यांत फक्त ४ टक्के.

गैरसमज: सगळ्यांत महत्त्वाचे काय, ते डोळे मिटून बसले की आतून उमगते, आणि तेही तरुणपणीच.

वस्तुस्थिती: कर्व्यांचे चरित्र या समजुतीला दाद देत नाही. मुरूडहून कुंभार्लीच्या घाटाने चालत ते परीक्षेसाठी साताऱ्याला गेले, आणि लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिले नाही. पुढे गणिताचे शिक्षक झाले. १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई गेल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, हा विचार त्या दुःखातून आणि आजूबाजूचे बघून पक्का झाला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका हाती पडली, म्हणून विद्यापीठाची कल्पना आकाराला आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली. आश्रम निघाला तेव्हा त्यांचे वय ३८, विद्यापीठ निघाले तेव्हा ५८. ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी १९३६ मध्ये नवे मंडळ काढले तेव्हा ७८. दर वीस वर्षांनी महत्त्वाचे काय याचे उत्तर थोडे सरकले, आणि ते प्रत्येक वेळी बाहेरून आले: मित्राची बहीण गोदूबाई, टपालाने आलेली पुस्तिका, खेड्यातल्या शाळा.

तेव्हा ज्यांना डोळे मिटायचे त्यांनी खुशाल मिटावेत. मी मात्र मागच्या महिन्याचे बँकेचे विवरण आणि फोनमधला स्क्रीन-टाइम बघायला सांगेन. आपण आजवर कशाला महत्त्व दिले, ते तिथे तारीखवार लिहिलेले असते आणि त्यात स्वतःला फसवायला जागा कमी असते.

गैरसमज: संकल्प ही ज्याची त्याची खासगी बाब आहे.

वस्तुस्थिती: या मुद्द्यावर मोठ्या माणसांच्या चरित्रांत नेहमी अर्धी ओळ असते, आणि ती अर्धी ओळच जास्त वाचायला हवी. १९०६ मध्ये गांधीजींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. आत्मकथेत ते सांगतात की पत्नीशी तोवर या विषयावर बोललो नव्हतो, व्रत घ्यायच्या वेळी तेवढे विचारले, तिने हरकत घेतली नाही. संसार दोघांचा आणि विचारणे शेवटच्या क्षणी!

फर्ग्युसन कॉलेजातले तास आटोपून कर्वे पायी हिंगण्याच्या आश्रमात जात, हे आपल्याला शाळेत शिकवतात. खिशातले पैसे संस्थेत जात होते तेव्हा घरची चूल कोण सांभाळत होते, ते शाळेत सांगत नाहीत. ते गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, ‘माझे पुराण’मध्ये सांगितले आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. नवऱ्याबद्दल आदर आहे, संस्थेसाठी त्या स्वतःही झोळी घेऊन फिरल्या, तरी ओढाताणीचा हिशेब त्यांनी लपवलेला नाही. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ ही दोन पुस्तके एका घरातली आहेत आणि ती लागोपाठ वाचावीत. एकाच संकल्पाची जमा एका पुस्तकात आहे, खर्च दुसऱ्यात.

त्याच घरातला थोरला मुलगा रघुनाथ गणिताचा प्राध्यापक झाला आणि संततिनियमनाचा प्रचार हे त्याने आपले काम मानले. त्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्याने ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि खटले, दंड, कर्ज सोसत १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वडिलांइतकाच हट्टी. त्याच्या घरात मात्र एक गोष्ट आधीपासून ठरलेली होती: मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय रघुनाथराव आणि मालतीबाई या दोघांनी मिळून घेतला होता.